दिवाळी झाली, आता अंगणातल्या फुलांचं बी कसं धरायचं?

सांदवाडी
राम राम मंडळी. आम्ही दिग्रसजवळच्या एका खेड्यात राहतो. सोयाबीन घरात आलं, सीतादहीची पूजा होऊन कपाशीची पहिली वेचणी लागली, आणि आता कुठे मला अंगणाकडे बघायला सवड झाली. यंदा फुलं खूप आली. मोठा गोंड्याचा झेंडू, लहान तांबडा-पिवळा झेंडू, गुलबक्षी, तेरडा, कोंबडा, झिनिया, कुंपणावर गोकर्ण आणि गणेशवेल. आता सगळं वाळत चाललंय, म्हणजे बी धरायची वेळ झाली.

दुखणं असं की दोन वर्षं झाली, मी धरलेलं बी उगवत नाही. गोकर्ण थोडीफार येते, झेंडूच्या नावानं मात्र शून्य. माझी पद्धत सांगते. दसऱ्याचं तोरण वाळलं की त्यातली फुलं कुस्करायची, स्टीलच्या डब्यात भरायची, डबा माळ्यावर टाकायचा. मृगात काढायचा. गेल्या जूनमध्ये दोन मुठी पेरलं. उगवली सहा रोपं. त्यातली तीन शेळीनं खाल्ली.

सासूबाई होत्या तेव्हा त्या गाडग्यात राख घालून त्यात पुरचुंड्या ठेवायच्या. गाडगं देवघराशेजारच्या कोनाड्यात, जमिनीलगत. त्यांचं बी वाया गेलेलं मला आठवत नाही. हे सगळं त्यांना विचारून ठेवायला हवं होतं, तेव्हा सुचलं नाही. राखेत काही गुण असतो का? की फ्रीजमध्ये ठेवू? की माझ्या हातालाच यश नाही?

पऱ्हाटी
ताई, बियाचं मंग पाहू. पयले थे शेळी बांधा.

शेवंता
हाताचा काही दोष नाही, तोरणाचा आहे. आपण दसऱ्याला फूल तोडतो तेव्हा ते ऐन भरात असतं, म्हणजे बियांच्या दृष्टीनं कोवळं. बी झाडावरच पिकायला हवं. एकदा खुडलं की मागून येणारा रस थांबतो आणि आत राहतो तो नुसता भुसा.

आत्ता अंगणात जा आणि झेंडूचं एक असं फूल शोधा ज्याच्याकडे बघून वाईट वाटेल. पाकळ्या तपकिरी, चुरगळलेल्या, खालचं हिरवं बोंड पिवळट-राखाडी आणि हाताला कागदासारखं लागणारं. ते बोंड उभं फाडा. आत सुयांची जुडी बांधून ठेवल्यासारखं दिसेल. प्रत्येक सुईचं खालचं अर्धं काळं कुळकुळीत आणि वरच्या टोकाला पांढरट कुसळं. काळा भाग टणक असेल, नखानं दाबल्यावर वाकत नसेल, तर ते बी. फिकट, चपटं, लवचिक असेल तर पोकळ, टाकून द्या. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा आधीच्या वर्षी मी काय पेरत होते हे आठवून हसू आलं. पाकळ्या पेरत होते!

कोजागिरी
शेवंताताई, माफ करा, पण आम्ही कायम तोरणच चुरडून टाकत आलोय आणि झेंडूचं नुसतं रान माजतं. अगदी उकिरड्यावरसुद्धा. त्यामुळे तोरणाचं उगवतच नाही हे काही पटत नाही.

काळी_कन्हार
दोघींचंही बरोबर आहे. भांडण तोरणाचं नाही, तोरणात कुठलं फूल ओवलं त्याचं आहे.

कोजागिरी, तुमचं तोरण बहुतेक घरच्या झाडांचं असणार. घरची फुलं आपण आठ-आठ दिवस झाडावर राहू देतो, दसऱ्याला एकदम तोडतो. त्यातली जुनी फुलं आतून अर्धीअधिक पिकलेली असतात, दोऱ्यावर टांगल्या टांगल्या राहिलेलं पिकणं कसंबसं पुरं करतात. बाजारचं फूल मात्र नेमकं भरात आलं की तोडलेलं असतं, शिवाय पोत्यात दाबून, पाणी मारून आलेलं. ते वाळण्याऐवजी आतून कुजतं.

दुसरं कारण हायब्रीड. बाजारातला मोठा गोंडा बहुधा संकरित बियाण्याचा. त्याचं बी धरलं तर उगवेल, पण आईबापावर जाईल की आजीवर, सांगता येत नाही. कोणी उंच, कोणी बुटका, कोणाला चार पाकळ्यांचं एकेरी फूल. शिवाय मोठा झेंडू आणि लहान झेंडू यांचा संकर करून केलेले वाण आहेत, ते खेचरासारखे. फुलतात खूप, बी धरतच नाहीत. त्यांची बोंडं वर्षभर कुस्करलीत तरी हाती काही लागणार नाही.

‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण हायब्रीड यायच्या आधीची आहे.

सांदवाडी
अरे देवा. दोन्ही वर्षी तोरण बाजारच्या फुलांचं होतं. घरची फुलं मी देवाला म्हणून रोज तोडत होते, मग तोरणाला उरतील कुठून?

शेवंताताई, तुमचा प्रतिसाद वाचून बॅटरी घेऊन अंगणात गेले. रात्रीचे नऊ. लेक म्हणते, आई साप शोधतेय का. लहान झेंडूची सात-आठ बोंडं मिळाली, त्यातून काळ्या सुया निघाल्या! मोठ्या गोंड्याच्या पाच बोंडांत मिळून तीन की चार टणक. बाकी सगळी गवताच्या काडीसारखी.

शेवंता
गोंड्याचं तसंच असतं. फूल जितकं भरगच्च तितकं बी कमी, हा माझा अनुभव. म्हणून बी धरायचं झाड आधीच ठरवायचं. चांगल्या झाडाला चिंधी बांधून ठेवायची आणि घरात सांगायचं की चिंधीवालं झाड देवालाही नाही. आमच्याकडे त्यावरून एकदा सासऱ्यांशी वाद झाला होता. त्यांचं म्हणणं देवाला पहिलं फूल. मी म्हटलं देवाला पुढच्या वर्षी नको का?

गुर्जी
गुलबक्षीविषयी कोणी बोललं नाही म्हणून थोडं अवांतर. तिचं बी धरायला सगळ्यात सोपं. फूल गळालं की मागे हिरव्या पेल्यात एकच बी बसलेलं असतं, हिरव्याचं काळं होतं आणि आपोआप खाली पडतं. रोज सकाळी झाडाखाली हात फिरवायचा, इतकंच काम.

गंमत तिच्या रंगाची आहे. लाल गुलबक्षी आणि पांढरी गुलबक्षी यांच्या संकराची पहिली पिढी गुलाबी येते. त्या गुलाबीचं बी धरून पेरलं तर पुढच्या पिढीत साधारण एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरी अशी वाटणी पडते. हे कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानं अभ्यासलं. मेंडेलचे विस्मरणात गेलेले नियम १९०० साली ज्या तिघांनी पुन्हा उजेडात आणले, त्यातला हा एक. पुढे १९०९ मध्ये त्यानं गुलबक्षीच्याच पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांच्या पानांवरून दाखवलं की पानाचा तो रंग फक्त आईकडून येतो, बापाच्या परागाचा त्यात काही वाटा नाही. वर्गात मी हे फळ्यावर चौकटी काढून शिकवायचो, पोरं जांभया द्यायची. एका वर्षी शाळेच्या आवारात दोन ओळी लावल्या आणि पुढच्या वर्षी पोरांनाच झाडं मोजायला लावली. हिशोब अगदी पुस्तकासारखा जुळला नाही, कारण मधल्या सुट्टीत कोणीतरी सात झाडं उपटली होती.

नागझिरी
गुलबक्षीच्या बियांना डब्यावर नाव लिहा हो! आमच्या घरी धाकट्या दिरानं मटणाचा रस्सा करायला घेतला आणि मिरी म्हणून पाट्यावर टाकल्या त्या गुलबक्षीच्या बिया. वाटल्यावर आतून पांढरं पीठ निघालं म्हणून त्याला शंका आली. नाहीतर मिरी समजून सगळ्यांनी खाल्लं असतं.

गुर्जी
हसण्यावारी नेऊ नका. गुलबक्षीचं बी आणि मूळ दोन्ही विषारी आहेत, उलट्या-जुलाब होतात. स्वयंपाकघराच्या फळीवर तो डबा नकोच.

पऱ्हाटी
दीर रस्सा करते म्हंजे घर चांगलं हाये बाप्पा.

मुरमाड
अवांतर चाललंच आहे तर विचारतो. लहानपणी कुंपणाजवळ जांभळ्या फुलाचं एक झाड असायचं, त्याच्या काळ्या वाळक्या शेंगा तोंडात धरून थुंकी लावायची आणि मित्राच्या कॉलरमध्ये टाकायची. फट् करून फुटायच्या. त्याचं बी कुठे मिळेल? आता पुण्यात आहे, मुलाला दाखवायचंय. (कॉलरसुद्धा त्याचीच.)

शेवंता
रुएलिया ते. बी वेगळं शोधू नका, मूठभर शेंगा पाण्यात टाका, सगळ्या फुटून बी खाली बसतं. अबोलीचंही तसंच. वाळलेल्या कणसावर दव किंवा पावसाचा शिडकावा पडला की शेंगा उडतात. म्हणून अबोलीचं कणीस कोरड्या दुपारी कापून कागदी पिशवीत टाकायचं. सकाळी दवात गेलात तर रिकाम्या हातानं परत याल.

आर्वीची_माय
तेरड्यासाठी लिहिते, कारण या धाग्यावर तेरडा कोणालाच जमलेला दिसत नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण त्याच्या शेंगेला तेवढाही धीर नाही. पिकली की बोट लागायचा अवकाश, टचकन् फुटते, सालीच्या गुंडाळ्या होतात आणि बी चार हात लांब. जमिनीवर पडलेलं मुंग्या आणि चिमण्या ठेवत नाहीत.

मी दोन प्रकारे धरते. एक म्हणजे शेंग हिरवीच असताना, पण टम्म फुगलेली आणि उजेडाकडे धरली की फिक्की, किंचित पिवळट, आत बियांची गडद सावली दिसते. अशी शेंग मुठीत पूर्ण झाकून घ्यायची आणि मुठीतच फुटू द्यायची. तळव्याला गुदगुल्या होतात. नातवंडांना हे काम दिलं की दुपारभर घर शांत. निघालेलं बी तपकिरी असेल तर पक्कं. पांढरं निघालं तर तुम्ही घाई केली, ती शेंगच वाया गेली, कारण पांढरं बी नंतर तपकिरी होत नाही.

दुसरा प्रकार चांगल्या रंगाच्या झाडासाठी. जुन्या मलमलच्या लुगड्याचा तुकडा घ्यायचा, शेंगांच्या घोसावर सैल पुरचुंडी बांधायची. आठवड्यानं फांदीसकट कापायची. प्लास्टिकची पिशवी बांधू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. एका दिवाळीत मी दूधवाल्याच्या पिशव्या बांधल्या होत्या. चार दिवसांत सगळ्या काळ्या.

आमच्याकडे महालक्ष्म्यांना तेरडा लागतो, त्यामुळे तो चुकवून चालत नाही. माझ्याकडचा तेरडा माझ्या माहेरचा, सालेकसाकडचा. दुहेरी, गुलाबासारखा, फिकट जांभळा.

सांदवाडी
तळव्याला गुदगुल्या! आत्ताच केलं. पहिल्या दोन शेंगा पांढऱ्या निघाल्या, तिसरी बरोबर.

आमच्याकडेही महालक्ष्म्यांना लागतो, आणि यंदा मी तो चक्क यवतमाळहून विकत आणला. लाज वाटली.

टेकडीवरचा
कोंबड्याचं आणि झिनियाचं कोणी सांगेल का? आणि झिनियाचे रंग दरवर्षी बदलतात ते का?

शेवंता
कोंबड्याचं बी तुऱ्याच्या वरच्या मखमलीत नसतं, खाली दांड्याच्या दोन्ही बाजूंना असतं. तुरा वाळला की ताटावर उलटा धरून झटकायचा. बारीक, काळं, चकचकीत, राजगिऱ्याच्या नात्यातलं. झिनियाच्या पाकळीच्या बुडाशी बाणाच्या टोकासारखं चपटं बी असतं, पाकळीसकटच पेरलं तरी चालतं. रंग बदलतात कारण मधमाश्या आणि फुलपाखरं तुमचं कुंपण मानत नाहीत. एकच रंग हवा असेल तर एकच रंग लावा, शेजाऱ्यांनाही तोच लावायला सांगा आणि शेजारी ऐकतील अशी आशा धरा.

काळी_कन्हार
मूळ प्रश्न साठवणीचा होता, तिकडे येतो. सांदवाडीताई, एकच विचारतो. तुमच्या माळ्यावर छप्पर कशाचं आहे?

सांदवाडी
टिनाचं. का?

काळी_कन्हार
मग सापडलं.

बियांच्या साठवणीबद्दल हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाचा एक ठोकताळा आहे. बियातला ओलावा एक टक्क्यानं कमी केला की त्याचं आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सिअसनं कमी केलं की पुन्हा दुप्पट. एका मर्यादेतच हे खरं आहे, पण आपल्याला पुरेसं आहे. आता हिशोब मांडा. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४५ अंश. टिनाखालच्या माळ्यावर बंद डबा म्हणजे ५० धरायला हरकत नाही. कोनाड्यात, मातीच्या भिंतीत, जमिनीलगत फार तर ३५. फरक १५ अंशांचा, म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणजे आठपट. तुमच्या सासूबाईंच्या गाडग्यातलं बी जितकं जगलं असतं, त्याच्या एक अष्टमांश तुमच्या डब्यातलं जगलं. तेसुद्धा बी तेवढंच कोरडं होतं असं धरून. तोरण दसऱ्याचं, तेव्हा परतीचा पाऊस नुकताच गेलेला, हवेत दमटपणा. घाईनं डब्यात बंद केलं असेल तर ओल आतच राहिली. स्टीलचा डबा ओल बाहेरून आत येऊ देत नाही, तशी आतली बाहेरही जाऊ देत नाही.

राखेचा गुण म्हणाल तर आहे. कोरडी चाळलेली राख ओल शोषते आणि किड्यांच्या अंगाला घासून त्यांना वाळवते. जादू नाही. तोच गुण तव्यावर कडक भाजून गार केलेल्या तांदळात आहे. गोकर्णाच्या बियांना भुंगा लागतो, तिथे राख जास्त उपयोगी.

वर्धापार
+१. आमच्या आजी गाडग्याच्या तोंडावर मातीची झाकणी घालून शेणामातीनं लिंपायच्या. पावसाळ्यात दमट हवा आत जाऊ नये म्हणून. राख सगळ्यांना आठवते, लिंपण कोणाला आठवत नाही.

मुरमाड
एवढं कशाला? काचेची बाटली, झाकण घट्ट, सरळ फ्रीज. विषय संपला.

नागझिरी
पुण्यातला फ्रीज आणि आमचा फ्रीज यात फरक आहे भाऊ. आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसातून चार-चार तास लाइट नसते. बाटली थंड होते, गरम होते, आतून घाम धरते. मी एक वर्ष करून बघितलं, कोंबड्याच्या बियांचा पार लगदा झाला.

काळी_कन्हार
लगदा होणं हे लाइटीपेक्षा ओलं बी भरल्याचं लक्षण आहे. बी खरंच कोरडं असेल आणि बाटली हवाबंद असेल तर लाइट गेली-आली तरी फार बिघडत नाही. चूक होते ती बाहेर काढताना. थंड बाटली लगेच उघडली की बाहेरची दमट हवा आत जाऊन बियांवर दव धरतं. रात्री बाहेर काढून ठेवायची, सकाळी उघडायची. वाळवणं मात्र सावलीत, वर्तमानपत्रावर, पंख्याखाली, आठ-दहा दिवस. गुलबक्षी दातानं नको, नखानं किंवा अडकित्त्यानं तपासा, कटकन् तुटली पाहिजे.

पऱ्हाटी
आमी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) धुऱ्यानं, म्हंजे बांधानं, झेंडू लावतो, म्हून हा धागा वाचून रायलो. हिरव्या बोंडअळीची मादी झेंडूच्या फुलावर अंडे घालते, मंग पऱ्हाटीवरचा मार थोडा कमी होते. वांग्या-टमाट्यातही लोकं लावते, जमिनीतले सूत्रकृमी कमी होते म्हणते. पण गुलाबी बोंडअळीले झेंडूचं काई घेनंदेनं नाई, हे ध्यानात ठेवा. काऊन का मायाच भावानं एका वर्षी चारी बाजूनं झेंडू लावला आन् कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडनारे) लावाचे सोडून देल्ले. पऱ्हाटी गेली. झेंडू मातर असा फुलला का दसऱ्याले दोन पोते इकले. भाव पाहून थो म्हणे, पऱ्हाटीच कायले लावली.

बियाचं म्हणाल तं आमी धुऱ्यावरचे फुलं दिवाळीनंतर तोडतच नाई. तिथंच वाळू देतो, मंग बायको आन् मी पोतं घेऊन जातो. सोयाबीनचं जसं घरी बियानं तपासतो ना, तसंच झेंडूचंही तपासा. सोयाबीनचे १०० दाने ओल्या गोनपाटात गुंडाळतो, ७० उगवले तं एकरी ३० किलो पेरतो, कमी उगवले तं जास्त. झेंडूचे १० घ्या. पन तपासा. आंधळं पेरू नका.

आर्वीची_माय
हे सगळ्यात शहाणं बोलणं. गोणपाट नसेल तर जुना रुमाल.

टेकडीवरचा
माझ्याकडे पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसचं किलोभर बी जमलंय. चिखलदऱ्याला जाताना घाटात दोन्ही बाजूंना उधळणार आहे. पुढच्या पावसाळ्यात बघा कसा रस्ता दिसतो!

गुर्जी
कृपा करून नको! तो कॉसमॉस मेक्सिकोकडचा. पुण्याच्या टेकड्यांवर कधी कोणीतरी हौसेनं नेला आणि आता तिथे गवताच्या आणि रानफुलांच्या जागा तो खातोय. चिखलदरा म्हणजे मेळघाट. तिथे गवत गेलं तर हरणं, गवे खाणार काय? गाजरगवत, घाणेरी यांचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे. घाणेरीही कोणीतरी शोभेचं झाड म्हणूनच आणली होती.

टेकडीवरचा
इतकं काय, चार फुलं तर आहेत. लोक सीड बॉल (बी घातलेले मातीचे गोळे) टाकतात तेव्हा टाळ्या वाजवता.

आर्वीची_माय
मी नाही वाजवत.

काळी_कन्हार
अंगणात लावा, कुंडीत लावा, शाळेला द्या. रानात नको. आणि किलोभर कॉसमॉसचं बी म्हणजे सुमारे अर्धा तालुका. कमाल आहे तुमची.

टेकडीवरचा
बरं. शाळेला देतो.

वर्धापार
धागा वादात भरकटायच्या आत विचारतो. बियांची देवाणघेवाण करू या का? माझ्याकडे पांढरी गोकर्ण आणि दुहेरी निळी गोकर्ण दोन्ही आहेत. गोकर्णाची टीप: शेंग तपकिरी होऊन खुळखुळली की तोडा, फुटायची वाट पाहू नका. पेरताना बी रात्रभर कोमट पाण्यात. जे फुगत नाही त्याची पाठ फरशीवर जरा घासा, साल फार कडक असते.

नागझिरी
असं बी पोस्टानं पाठवलेलं चालतं का? काही कायदा वगैरे?

काळी_कन्हार
शेतकऱ्यानं स्वतःचं बी ठेवणं, पेरणं, दुसऱ्याला देणं, विकणं हे २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात हक्क म्हणून लिहिलंय. संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही, एवढाच अडसर. तुमच्या गोकर्णाला कोण अडवतो? साध्या पाकिटात मात्र घालू नका, शिक्क्याखाली बी चिरडतं. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. आणि पत्ते इथे उघड लिहू नका, व्यक्तिगत निरोपातून द्या.

आर्वीची_माय
सांदवाडी, तुला तेरडा मी पाठवते. निरोपात पत्ता दे.

मुरमाड
शेवंतीचं बी कोणाकडे आहे का?

शेवंता
(आयडी माझा आणि प्रश्न शेवंतीचा!) शेवंती बियांवरून लावत बसू नका. फुलं संपली की झाड वीतभर ठेवून छाटा, बुडाशी फुटवे येतात, मुळासकट काढून लावा. निशिगंधाचेही कंद.

सांदवाडी
पंधरा दिवसांनी परत आले. वेचणी चालू होती, मजूर मिळत नव्हते, म्हणून उशीर.

पऱ्हाटीभाऊंनी सांगितलं तसं केलं. लुगड्याच्या चिंध्या, प्रत्येकीत १० बिया, ताटात मांडून वर ओलं गोणपाट. निकाल असा. माळ्यावरच्या डब्यातला गेल्या वर्षीचा झेंडू: ० (आणि १० काळ्या बिया शोधायलाच अर्धा तास गेला, बाकी पाकळ्याच). या वर्षीचा झाडावर वाळलेला लहान झेंडू: ८. मोठा गोंडा: चारच बिया होत्या, २ उगवल्या. तेरडा: १० पैकी ७.

मग गोठ्याच्या फळीवर शेणगोळ्यांच्या मागे सासूबाईंचं गाडगं सापडलं. त्या जाऊन चार वर्षं होतील. तोंडावर लिंपण होतं, वर्धापार, तुम्ही म्हणालात तसंच, एका बाजूनं तडकलेलं. राखेत पाच पुरचुंड्या. तीन ओळखल्या: गुलबक्षी, तेरडा, गोकर्ण. तेरडा एकही आला नाही. गोकर्णाला भुंग्यानं भोकं पाडली होती, तीन धड होत्या, त्यातली एक फुगली. गुलबक्षीच्या १० पैकी ४ फुटल्या. कोंब निघालेल्या चौघींना पत्र्याच्या डब्यात माती घालून लावलंय, डबा पडवीत ठेवलाय. थंडीत वाढतील का माहीत नाही.

चौथ्या पुरचुंडीत बारीक, करडं, बोटाला चिकटणारं, धुळीसारखं बी आहे. पाचवीत काळपट, मिरीपेक्षा लहान, जरासं लांबट आणि खडबडीत.

आणि शेळी आता बांधलेली असते.

शेवंता
चौथं चिनी गुलाब असणार, ते ऑफिस-टाइम फूल. त्याच्यावर माती टाकू नका, उजेड लागतो, नुसतं पृष्ठभागावर भुरभुरा. पाचवं गणेशवेल वाटतं.

वर्धापार
गणेशवेल नाही, ती तपकिरी झाक मारते. फोटो टाका.

आर्वीची_माय
थंडीत गुलबक्षी रेंगाळेल, पण बुडात कंद धरते. वरचं वाळलं तरी उपटू नको. गुढीपाडव्याच्या सुमाराला पाणी दे.

सांदवाडी
फोटो उद्या टाकते, आज नेट चालत नाही. तेरडा पोचला, माय. पुठ्ठ्यावर ‘मिरी नाही’ लिहिलंत ते वाचून सगळं घर हसलं.

दसरा_२
नमस्कार, नवीन सदस्य. सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. दसऱ्याच्या तोरणाचा झेंडू वाळवून डब्यात ठेवला आहे, तो जूनमध्ये पेरला तर उगवेल का?